काळ्या मातीवरची लेथ

बारदान काढलं तेव्हा आधी वास आला, लेथ नंतर दिसली. वाळून गोंद झालेलं वंगण, गंज, उंदरांच्या लेंड्या, आणि या सगळ्याच्या तळाशी कुणी मुद्दाम राखून ठेवावा तसा चामड्याचा वास. इतकी वर्षं तो कुठे लपून बसला होता कोण जाणे. मी नाकाला पदर लावायला गेले आणि तसाच सोडून दिला. माझ्या लहानपणाला काही वास असेल तर तो हाच आहे. त्याच्यापुढे नाक मुरडायचा मला हक्क नाही.

माझा धाकटा भाऊ मिलिंद पलीकडे उभा होता. त्याचं वासाकडे लक्ष नव्हतं. एक डोळा मिटून तो लेथच्या बेडवरून नजर लांबवत होता. बेड म्हणजे लेथचा लांबलचक लोखंडी ओटा. बाकी सगळं त्याच्यावर सरकतं. तो सरळ असेल तर लेथ लेथ राहते, वाकला तर ती भंगार. नुसत्या डोळ्यांना असलं काही दिसत नाही हे मिलिंदलाही माहीत होतं. तरी तो बघत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "मले यंदा पाह्यचंच हाय. वाकली असन तं वाकली. पण बाबा हायेत तवर पाह्यचं हाय."

लेथ बाबांची होती, आणि ती पडली होती मिलिंदच्या ट्रॉलीवरून. त्याला आता इतका काळ लोटला की मिलिंदच्या मिशीत पांढरे केस आले. पडल्यापासून ती कुणीच चालवून पाहिली नव्हती. बाबांनीही नाही. दिग्रसच्या घरामागे पत्र्याच्या आडोशाला तिच्यावर बारदान टाकलं, बारदानावर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर मांजरींच्या किती पिढ्या वाढल्या ते मांजरींनाच ठाऊक. दिवाळी आटोपून मी यवतमाळहून चार दिवस राहायला आले होते. भावाने मला फराळासाठी बोलावलं नव्हतं, हे तेव्हा कळलं.

आमचं जुनं घर आणि बाबांची शेड यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही पत्र्याची. शेडच्या पलीकडे जिनिंग. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत यायची. शेण, सरकी आणि गरम लोखंड यांचे वास एकमेकांत मिसळून सरळ स्वयंपाकघरात शिरायचे. बाबा आधी त्या जिनिंगमध्ये टर्नर होते. पुढे जिनिंगने नवी यंत्रं आणली आणि ही जुनी लेथ बाबांकडे आली. कशी आली, काय ठरलं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आता विचारावंसं वाटत नाही. मला आठवते ती दारात उभी असलेली माय. दहाबारा माणसं ती लेथ ओढत आणत होती आणि माय कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "एवढी मोठी सवत आणली."

बेडच्या पोटावर इंग्रजी अक्षरं ओतलेली होती, रंगाच्या थरांखाली बुजून गेलेली. ही आगबोटीतून आली, माझ्या जन्माच्याही आधी, असं बाबा सांगायचे. त्या बुजलेल्या अक्षरांवर बोट फिरवत मिलिंद आणि मी आगबोट आगबोट खेळायचो. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे आमची बोट पुसदपर्यंत जाऊन परत यायची.

कापसाचे दिवस म्हणजे रोलरचे दिवस. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रात चामड्याचे लांब रोलर असतात. ते झिजले की बाबांकडे यायचे. बाबा त्यांना लेथवर फिरवून वरची साल काढायचे, पुन्हा गोल करायचे, खाचा पाडायचे. कातलं जाणारं चामडं केस जळाल्यासारखा वास सोडतं. त्याचा पिवळट भुसा बाबांच्या भुवयांवर बसायचा. त्यात कापसाचे तंतू, हवेत सदा तरंगणारे, तेलकट दिसेल तिथे चिकटणारे. माघापर्यंत आमच्या लेथला चांगली पांढरी दाढी यायची. होळीच्या सुमारास काम सरलं की बाबा घासलेटच्या फडक्याने तिची दाढी करायचे आणि त्या दिवशी स्वतःचीही करायचे.

दसऱ्याला आजूबाजूच्या सगळ्या मशिनींवर झेंडूच्या माळा चढायच्या. आमच्या लेथला माळ नसे. आदल्या दिवशी बाबा तिला धुऊनपुसून तेल लावायचे, धुतलेली पांढरी चादर पांघरायचे, आणि आम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो. शेजारचं कुणी विचारायचं, काहो, पूजा नाही का? बाबा म्हणायचे, तिलेबी सुट्टी हाय. आपण गाडीत बसलो की लेथ चादरीखाली डोळे मिटते अशी माझी पक्की समजूत होती. परत आल्यावर बाबा आधी तिची चादर काढायचे, पायातल्या चपला नंतर.

आणि तो आवाज. मोटरपासून लेथपर्यंत चामड्याचा रुंद पट्टा होता आणि पट्ट्याचा सांधा चामड्याच्याच वादीने शिवलेला. सांधा पुलीवरून गेला की टप् व्हायचं. टप्, टप्, टप्. नाजूक काम असलं तर सावकाश, मोठं काम असलं तर भराभर. माय भाकरी थापायची ती त्याच चालीवर, आणि हे तिला सांगितलं की चिडायची. मिलिंद तर त्या आवाजावरच वाढला. दुपारी झोळीत टाकलं आणि लेथ चालू असली की तो लगेच झोपायचा. बाबांनी मशीन बंद केली रे केली की भोकाड पसरायचा. मग माय पत्र्यावर थाप मारायची, "बंद नोका करू. पोट्टं उठन."

म्हणून बाबा चहाला बसले तरी पट्टा फिरता ठेवायचे. चकमध्ये, म्हणजे काम धरून ठेवणाऱ्या लोखंडी जबड्यात, काही नसायचं. टूल, म्हणजे कातणारं हत्यार, मागे घेतलेलं असायचं. मशीन आपली रिकामीच फिरत राहायची. येणारेजाणारे हसायचे, की हे काय चाललंय, वीज काय फुकट आहे? बाबा बशीतला चहा फुंकत सांगायचे की आमचं पोट्टं झोपलंय.

रस्ता रुंद झाला तेव्हा शेड गेली. हे एका ओळीत सांगून टाकते, त्यात रमण्यासारखं काही नाही. लेथ नव्या घरामागे हलवायची होती. भादवा होता, पाऊस नुकता उघडलेला. ट्रॅक्टर मिलिंद चालवत होता. नाल्याच्या वळणावर ट्रॉलीचं चाक काळ्या चिखलात बसलं, ट्रॉली कलली, दोर तुटला आणि लेथ आडवी होऊन खाली गेली. एवढं जड धूड पडलं पण मोठा आवाज झाला नाही. चिखलाने तो गिळून टाकला. मला अजून ते विचित्र वाटतं.

बाबा मागून चालत येत होते. ते आले, उकिडवे बसले, पंच्याने चिखल पुसला आणि बेडवर तळहात ठेवून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. मग उठून म्हणाले, "चाला, उचला."

त्या दिवशी ते एवढंच बोलले. पुढेही कधी एक शब्द नाही. ओरडले असते, चारचौघांत दोन ठेवून दिल्या असत्या, तर मिलिंदचं भलं झालं असतं. ओरडणं कधीतरी संपतं, न बोललेलं संपत नाही. मिलिंद वेल्डिंग शिकला, फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करू लागला, त्यात जम बसवला. बाबा त्याच्याकडेच राहिले, त्याच्या पंक्तीला जेवले, त्याची पोरं त्यांनी खांद्यावर खेळवली. पण लेथचा विषय निघाला की दोघंही उठायचे, एक पुढच्या दाराने, एक मागच्या. माय जाईपर्यंत तिला ही गोष्ट खात राहिली. हे दोघं लोखंडाचे हायेत अन् गंजून राह्यले, असं ती मला म्हणायची. मला ते पटायचं, पण गंज कशाने काढतात ते मलाही माहीत नव्हतं.

पडताना मोडलं होतं बरंच. मागच्या बाजूचं हातचाक फुटलं होतं, ते मिलिंदने स्वतःच घडवलं. पट्टा उंदरांनी खाल्ला होता. आणि टूल ज्यांच्यामुळे आपोआप पुढे सरकतं त्या चक्रांपैकी एका गियरचे दाते उडाले होते.

मग शोध सुरू झाला. दिग्रस आणि पुसदची भंगाराची दुकानं मिलिंदने पालथी घातली, यवतमाळची माझ्या वाट्याला आली. पन्नाशी ओलांडलेली, खांद्याला पर्स लावलेली बाई भंगाराच्या ढिगासमोर बसून गियरचे दाते मोजू लागली की लोकांना फार प्रश्न पडतात. एकाने मला चहा पाजला. दुसऱ्याने हळूच विचारलं, बाई, घरी काही चोरी झाली का? मी नाही म्हटलं तर त्याचा चेहरा पडला.

पट्टा मिळाला पिठाच्या चक्कीवर. चक्कीवाल्याने नवा बसवला होता आणि जुना खुंटीला टांगून ठेवला होता, कधीतरी कामाला येईल म्हणून. आमच्या भागात लोक काहीच फेकत नाहीत, यावर माझा तेव्हापासून विश्वास बसला. त्या पट्ट्यात पीठ इतकं मुरलेलं होतं की पुढे लेथ चालू झाली तेव्हा पहिले काही दिवस ज्वारी उडत होती.

गियर मात्र मिळेना. कुणीतरी सांगितलं की घाटंजीच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये अशीच लेथ होती, जुळी बहीण म्हणावी अशी. आम्ही गेलो तो नेमका बाजाराचा दिवस. मिरच्यांच्या ढिगांतून, बांगड्यांच्या पथाऱ्यांतून वाट काढत जिनिंगच्या फाटकाशी पोहोचलो. राखणदार बाजाराला गेलेला. त्याची बायको अंगणात होती, फुलसावंगीकडच्या तांड्यावरची म्हातारी. सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणालो. याडी म्हणाली, मशीन कधीची गाडीत भरून गेली, आता तिथे पारवे राहतात.

आम्ही वळलो. अंगणात रांजण होता. रांजणावर लाकडी झाकण आणि झाकणावर वजन म्हणून ठेवलेलं एक गोल, दातेरी लोखंड. मिलिंद थांबला. मातीत गुडघे टेकून, ओठ हलवत त्याने दाते मोजले. मग डोळे मिटले आणि परत मोजले.

याडीला आमची अडचण पटली, पण तिचीही अडचण होती. बकऱ्या झाकण पाडून रांजणात तोंड घालायच्या. "हे तुम्ही न्याल," ती म्हणाली, "तं बकऱ्याईले मी काय सांगू?"

पुढच्या बाजाराला मिलिंद जाड पत्र्याचं गोल झाकण घेऊन आला, वर सुबक कडी जोडलेलं. याडीने ते रांजणावर ठेवलं आणि सगळ्यात खोडकर बकरीला हाक मारली. बकरीने डोकं लावून पाहिलं, शिंग लावून पाहिलं, आणि कंटाळून निघून गेली. मगच गियर आमच्या हातात आला. असला चोख व्यवहार मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नाही. घरी आणून गियर घासलेटात धुतला, तर दात्यांच्या बुडाशी कापसाचा तंतू अजून रुतून बसला होता.

मिलिंदची शेड गाव संपतं तिथे आहे, पुसदच्या रस्त्याला, चढावर. सगळी बरड, मुरमाड जमीन. त्याने खास लेथसाठी सिमेंटचा ओटा करून घेतला होता. तिथे आम्ही तिला उभी केली आणि तिच्या चार पायांना तारेने बांधलेली चार पुडकी सोडली. शेड मोडायच्या आदल्या दिवशी बाबांनी ती आपल्या हाताने बांधली होती. आत पॅकिंग होतं, म्हणजे मशीन समतल राहावी म्हणून पायाखाली सारायचे पितळेचे आणि पत्र्याचे पातळ तुकडे. ज्या पायाचं पुडकं त्याच पायाखाली, वरचा तुकडा वर, खालचा खाली, इकडचं तिकडे काही होऊ दिलं नाही. मिलिंद ते तुकडे इतक्या जपून उचलत होता की एरवी मी त्याची थट्टा केली असती. बाबांच्या हातची मांडणी एकदा त्याच्याकडून मोडली होती. ती परत जशीच्या तशी बसवायची संधी त्याला मिळाली होती, आणि तिच्यावर मी हसणार नव्हते.

बोल्ट कसले. गवंड्याची लेव्हल बेडवर ठेवली, बुडबुडा मधोमध आला. मोटर लावली. पट्टा फिरला आणि टप् झालं.  इतक्या वर्षांत मला ही गाणी, तो सिनेमा, अमक्याचा आवाज असं काय काय आठवलं असेल, पण या आवाजाची आपल्याला एवढी भूक आहे हे मला ठाऊक नव्हतं.

पण लेथ फिरणं वेगळं आणि सरळ असणं वेगळं. त्याची परीक्षा सोपी असते. एक जाड सळई चकमध्ये धरायची, दुसरं टोक मोकळं ठेवायचं आणि एका दमात तिची बारीक साल काढायची. बेड सरळ असेल तर सळई दोन्ही टोकांना सारखीच जाड निघते. मिलिंदने साल काढली आणि बाबांचा जुना कॅलिपर, जाडी मापायचा चिमटा, घेतला. चकजवळ तो सळईवरून अलगद उतरला. मोकळ्या टोकाला तो उतरेचना.

त्याने दुसरी सळई लावली. मग तिसरी. प्रत्येक वेळी तेच टोक जाड. शेवटी मशीन बंद करून तो बाकड्यावर बसला. हात तेलकट होते तरी तोंडावरून फिरवले.

"वाकली, ताई," तो म्हणाला. "बाबाले नोको सांगू."

 त्याच्याशेजारी बसणं मला जमेना, म्हणून हवेला जाते म्हणून उठले आणि शेडचं दार लोटलं. मोठं लोखंडी दार, पण एका बोटाने सरकलं. किती हलकं चालतं, असं मनात आलं. आणि त्याच्यामागून दुसरं दार आठवलं, जुन्या शेडचं, जे असं कधीच चाललं नाही.

ते दार आषाढात बंद व्हायचं नाही आणि वैशाखात बंद राहायचं नाही. नाल्याकाठची काळी माती होती ती. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की माझी केसांची फणी, मिलिंदच्या गोट्या आणि एकदा मायचा चमचासुद्धा त्यांनी गिळला. पावसात तीच माती फुगून वर यायची, आणि तिच्यासोबत उंबरा, चौकट, भिंत. घर वर्षभर श्वास घेत असायचं. भेगा पडू लागल्या की बाबा एका दुपारी काम थांबवून लेथच्या पायांशी झोपायचे, विहिरीकडच्या पायाखाली एक पत्रा सारायचे. माती फुगली की तोच पत्रा काढायचे. थंडीत परत काहीतरी वेगळं. खाली अंधार असायचा, मी कंदील धरायचे. काळ्या मातीवर मशीन मांडली म्हणजे गाभण म्हैस दारी बांधली, असं ते म्हणायचे, रोज उठून पाहावं लागते. मला वाटायचं सगळ्याच मशिनी अशा असतात, ऋतूप्रमाणे पाय बदलणाऱ्या.

दाराची कडी हातात धरून मी तशीच उभी राहिले. पायाखाली बघितलं. लालसर, खडबडीत मुरूम. मुरूम फुगत नाही, भेगाळत नाही, त्याला आषाढ ठाऊक नाही आणि वैशाखही नाही. बाबांनी बांधलेली पुडकी त्या भादव्याची होती, त्या नाल्याकाठची. इथल्या सपाट सिमेंटवर बोल्ट कसले की तीच पुडकी बेडला पीळ देत होती, गवंड्याच्या लेव्हलला न दिसण्याइतका. आम्ही बाबांची शेड तुकड्यातुकड्याने इथे आणली होती, फक्त तिच्याखालची जमीन आणायची राहिली होती.

मी आत आले. "मिलिंद," मी म्हटलं, "इथी काळी माती कुठी हाय?"

त्याने दाराबाहेरच्या मुरमाकडे पाहिलं. मग पाना उचलून खाली वाकला. त्याने चारही बोल्ट सैल केले आणि पॅकिंग काढून घेतलं, सगळंच्या सगळं. एक पाय तेवढा जरा अधांतरी वाटला. त्याच्याखाली माझ्या पर्समधलं यवतमाळ-दिग्रसचं एसटीचं तिकीट दुमडून गेलं. पुन्हा सळई, पुन्हा साल. कॅलिपर या टोकाला उतरला. त्या टोकालाही उतरला, तितकाच अलगद.

मिलिंद हसला नाही, रडला नाही. त्याने तो कॅलिपर माझ्या हातात दिला, मला मापायला लावलं, परत घेतला, परत मापलं. मग म्हणाला, "माह्या हाताचा भरोसा नाही. बाबाले आण."

बाबांना आणणं सोपं नव्हतं. ऐंशी कधीच ओलांडलीय, घराबाहेर पडायचं म्हटलं की गुडघ्याचं निमित्त असतं. मी आडवळण घेतलं नाही. लेथ सुरू केली, बघायला चाला, म्हटलं.  त्यांनी पलंगावरून उठून खुंटीवरचा सदरा घातला. वरचं बटण खालच्या काजात गेलं. मी सारखं करायला गेले तर हात झटकला.

ऑटो शेडसमोर थांबला तेव्हा मशीन चालूच होती. ती बंद करायची मिलिंदला हिंमत झाली नसावी. बाबांनी एक पाय खाली टेकवला आणि थबकले. टप्, टप्, टप्. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, तो घट्ट झाला.

"पट्टा कुठचा हाय?" त्यांनी विचारलं.

चक्कीवरचा आहे, असं मी सांगितलं. सांधा नीट नाही शिवला, असं ते म्हणाले आणि आत निघाले.

मिलिंदने मशीन थांबवली. बाबांनी बेडकडे पाहिलं नाही. चकवर हात ठेवून ते जरा उभे राहिले, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा. मिलिंदने कॅलिपर त्यांच्या हातात दिला. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तरी नजर अंधूकच आहे, पण कॅलिपरला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. त्यांनी चकजवळ मापलं. मग सळईच्या आधारानेच सरकत मोकळ्या टोकाशी गेले. तिथे मापलं. परत आले, परत गेले. मिलिंद भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या हातातल्या फडक्याचा त्याने पीळ केला होता.

"सारखी हाय," बाबा म्हणाले.

मग मिलिंदच्या तोंडून ते निघालं, इतक्या वर्षांचं. "मले वाटे, तुमी माह्यावर राग धरून लेथ तशीच ठेवली. म्हणून कधी चालवून नाही पाह्यली."

"राग कायचा?" बाबा म्हणाले. ते अजून सळईकडेच बघत होते. "चालवून पाह्यली असती अन् वाकडी निघाली असती, तं तुह्यावर आलं असतं ते. झाकून ठेवली तवर कोणालेच माहीत नाही. म्हणून झाकून ठेवली."

 रस्त्यावरून पुसदची एसटी चढ चढत गेली, तिचा घरघराट येऊन गेला. माझ्या छातीवर इतकी वर्षं काहीतरी बसलं होतं, ते तिथे आहे हेही मी विसरले होते. ते उतरलं तेव्हा कळलं. मला मायची फार आठवण आली आणि वाईट अजिबात वाटलं नाही. असं आधी कधी झालं नव्हतं.

बाबांनी मग पॅकिंगचे तुकडे मागितले. मोजले नाहीत, नुसते तळहातावर घेऊन चाचपले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. पायाखालचं तिकीट दिसल्यावर मात्र पोट धरून हसले. मग सळई काढून मशीन लाव म्हणाले. पट्टा सगळ्यात संथ पुलीवर घ्यायला सांगितला आणि समोर स्टूल ओढून बसले. काम काही नव्हतं. त्यांना फक्त बघायचं होतं, ऐकायचं होतं.

मिलिंद बाकड्यावर जरा पाठ टेकतो म्हणाला. मी डब्यातला चहा तीन कपांत ओतला, बाबांना बशीसकट दिला आणि एक कप मिलिंदकडे नेला. तो झोपला होता. फडकं छातीवर, तोंड थोडं उघडं, मिशीतले पांढरे केस वर-खाली होताहेत. दुपारी झोपणारा माणूस नाही तो. त्याची बायको सांगते, रात्रीही नीट झोपत नाही.

त्याला निवांत पडू द्यावं म्हणून मी मशीन बंद करायला गेले. बटणापर्यंत माझा हात पोहोचला, तेवढ्यात बाबा मागे वळून न बघता म्हणाले, "बंद नोको करू. पोट्टं उठन."

मी हात मागे घेतला. चकमध्ये काही नव्हतं, टूल मागे घेतलेलं होतं. बाबांनी बशीतला चहा फुंकला आणि पट्टा फिरत राहिला.